नऊ जणांची अक्षदा

वाकणवाडीच्या शाळेत मुलांना शिकवणारं ‘उमज’ यंत्र आलं ते लाँचमधून, पोषण आहाराच्या तांदळाच्या दोन पोत्यांमध्ये दाबून बसवलेलं. कोयनेच्या जलाशयापलीकडची ही वाडी. कर्ते पुरुष सगळे मुंबईला, लहान मुलं असलेली घरं त्यांच्यामागे गेलेली. शाळेत उरली होती नऊ पोरं, सगळी पाचवी ते सातवीची, बहुतेक एकमेकांची चुलत-आत्ये भावंडं. शिकवायला एकच बाई होत्या, प्रमिला वाघमोडे. मूळच्या दुष्काळी मंगळवेढ्याच्या, म्हणजे पाण्याला घाबरणाऱ्या.

खोक्यात एकच यंत्र होतं. सोबतच्या सूचनापत्रात लिहिलं होतं, ‘एका वेळी एकच विद्यार्थी. इअरफोनची बोंडं कानात घालावीत. आजूबाजूला शांतता असावी.’ बाईंनी तालुक्याला फोन केला. यंत्र एक, पोरं नऊ आणि छपरावरच्या सौर पाटीची वीज दुपारच्या सुट्टीपर्यंत कशीबशी पुरते, तर करू काय?

“तुमच्या स्तरावर नियोजन करा, बाई,” उत्तर आलं.

शिक्षण खात्यात हे वाक्य फार जुनं आहे. त्याचा अर्थ, आम्ही उंटावरून शेळ्या हाकतो, तुम्ही त्या सांभाळा. बाईंनी आठवडाभर पोरांना पाळीपाळीनं बसवलं. एकाची जेमतेम ओळख होईतो दुसऱ्याची पाळी येई, आणि यंत्र गोड आवाजात म्हणे, “ओळख अपुरी राहिली. पुन्हा पहिल्यापासून सुरू करू.” उरलेली आठ पोरं तोवर एकमेकांच्या झिंज्या धरत. शेवटी बाई वैतागल्या. कानाची बोंडं कपाटात टाकली, यंत्र एका स्टुलावर ठेवलं आणि पोरांना त्याच्यापुढे अर्धगोल करून जमिनीवर बसवलं.

“भांडायचं ते खाली, खडूनं, हळू आवाजात,” त्यांनी सांगितलं. “सगळ्यांचं जमलं की एकानंच उत्तर द्यायचं. दर वेळी वेगळा.”

ओळख पक्की करायला यंत्राला एक नाव हवं होतं. हजेरीपटावरचं पहिलं नाव होतं अक्षदा उतेकर. बाईंनी तेच सांगून टाकलं. आणखी यंत्रं आली की बाकीच्यांची नावं घालू, असा त्यांचा हिशेब होता. आणखी यंत्रं कधीच आली नाहीत, हे काय वेगळं सांगायला हवं!

इथं उमजचं शास्त्र थोडं समजून घ्यायला हवं. उमज बरोबर उत्तरं मोजत नसे, ते चुका वाचत असे. बासष्टातून अठ्ठावीस वजा करताना एक पोर सेहेचाळीस म्हणतं, दुसरं चव्वेचाळीस. दोन्ही चूकच. पण पहिल्यानं दोनातून आठ जात नाहीत म्हणून आठातून दोन काढले आणि दुसरं पोर दशक सुटा करून तो कमी करायला विसरलं. म्हणजे दोघांच्या डोक्यातला घोळ वेगळा. उत्तर देण्याआधी पोर किती थांबलं, स्वतःशी काय पुटपुटलं, कुठं आवाज खाली गेला, हे सगळं जोडून उमज त्या पोराच्या समजुतीचा एक नकाशा बनवी. नकाशा भरत गेला की पुढची चूक पोरानं करायच्या आधीच त्याला कळे. धडा बरोबर त्याच जागी बसे.

या नकाशाचा आणखी एक उपयोग डॉक्टरांना सापडला. एखाद्या मुलाचा भरलेला नकाशा अचानक ओसरायला लागला, तर तो मेंदूच्या आजाराचा पहिला इशारा असतो. खात्यानं मग यंत्राला थेट जिल्ह्याच्या बालमेंदू केंद्राशी जोडलं. शेजारच्याच खोऱ्यात एका मुलाच्या डोक्यातली गाठ यंत्रानं वेळेवर पकडली आणि मुलगा वाचला. ही गोष्ट बाईंनीच पालकसभेत सांगितली होती. “यंत्रावर विश्वास ठेवा,” असंही म्हणाल्या होत्या.

खेड्यांसाठी काढलेल्या स्वस्त यंत्रात कॅमेरा गाळला होता. पोर ओळखायचं ते आवाजावरून, बोलण्याच्या लयीवरून. आणि वाकणवाडीच्या शाळेत पाढे, कविता, प्रतिज्ञा, सगळं वर्षानुवर्षं एकाच हेलात म्हटलं जाई, शेवटचा शब्द लांबवत. उत्तरं द्यायलाही पोरं उभी राहत ती त्याच हेलात. त्यात एका घराण्याचे गळे. यंत्रानं नऊ आवाज ऐकले आणि शांतपणे ठरवलं की हे एकच पोर आहे, अधूनमधून सर्दी होणारं. खालची कुजबुज त्याला ऐकू येई, पण ती त्यानं पोराचं स्वतःशी बोलणं धरली. स्वतःशी इतकं बोलणारं, स्वतःला इतकं खोडणारं पोर त्यानं आजवर पाहिलं नव्हतं.

आणि वर्ग असा रंगला की विचारू नका.

एकदा यंत्रानं विचारलं, “तळ्यातल्या पाण्याची खोली दुप्पट झाली, तर पाणीही दुप्पट होईल का?”

“व्हय की, दुप्पट!” तुषार शेलारनं लगेच खडू आपटला. आकडेमोडीत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

“पन का?” अक्षदा म्हणाली.

अक्षदाचं हे असंच. मुलगी मंद नव्हती, पण उत्तर तिच्या तोंडून कधी पहिलं यायचं नाही. तिच्या तोंडून यायचा तो प्रश्न. “आपलं पानी चढतं तवा नुसतं वर न्हाई येत. शेतात बी शिरतं. वर तळं रुंद न्हाई का होत?”

मग जुईनं जमिनीवर वाडगा काढला, तुषारनं आपलं उत्तर पायानं पुसलं, आणि धाकटा सोहम उभा राहून हेलात म्हणाला, “दुपटीपेक्षा जास्त होई-ई-ल.”

“अक्षदा, फार छान,” यंत्र म्हणालं.

नऊच्या नऊ पोरं खिदळली. या शाबासकीची गंमत त्यांना रोज वाटे. बाईंनाही वाटे. एका यंत्रात नऊ पोरं शिकवल्याचा त्यांना अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. ती पोरं खरोखरच शिकत होती.

मे महिन्यात शाळा बंद करण्याचा आदेश आला. पटसंख्या कमी. पोरांची पांगापांग झाली. तुषार तुर्भ्याला बापाकडे गेला, जुई सातारला मावशीकडे, कुणी पनवेल, कुणी कुठं. अक्षदाची आई दीपाली तेवढी वाडीतच राहिली, आणि अक्षदा तालुक्याच्या मोठ्या शाळेत, वसतिगृहात. बाईंची बदली घाटाखाली झाली. मोठ्या शाळेत प्रत्येक मुलाला स्वतंत्र यंत्र होतं. जुना नकाशा नावासोबत आपोआप तिथं गेला.

अक्षदानं आयुष्यात पहिल्यांदा कानात बोंडं घातली आणि एकटी उमजसमोर बसली. यंत्रानं तिला ओळखलं. जिथं सोडलं होतं तिथून प्रश्न सुरू केले. मुलगी थांबली. “पन का?” म्हणाली. उत्तर द्यायला कुणी नव्हतं. ती पुन्हा थांबली.

थोड्याच दिवसांत बाईंना दीपालीचा फोन आला.

“बाई, अक्षूच्या मेंदूला कायतरी झालंय.” ती रडत होती. “यंत्रानं सांगितलं. जिल्ह्याचं डॉक्टर म्हनले, लय झपाट्यानं उतरलंय सगळं. गोळ्या दिल्यात. म्या घरी आनलंय तिला.”

बाई आधी चक्क हसल्या. “अगं दीपाली, काही झालेलं नाही तिला! तो नकाशा तिचा एकटीचा नाहीच. नऊ पोरांचा आहे तो. मीच तिच्या नावावर…” बोलता बोलता त्यांना आपण काय सांगतोय ते ऐकू आलं आणि हसू गेलं. “गोळ्या देऊ नकोस. मी उद्याच साहेबांना भेटते.”

“उमजत न्हाई मला, बाई. पन डॉक्टर म्हनले गोळी चुकवायची न्हाई.”

विस्तार अधिकारी लोखंडे साहेब सज्जन गृहस्थ होते. बाईंना चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं, त्यांच्यादेखत तक्रार पाठवली. मुंबईच्या मुख्य कचेरीचं उत्तर आलं ते आठवड्यानं. साहेबांनी ते वाचून दाखवलं, आणि वाचताना त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं.

“‘सदर नकाशा आतून पूर्ण सुसंगत आहे. नऊ भिन्न मुलांच्या उत्तरांतून असा एकसंध नकाशा तयार होणे शास्त्रीयदृष्ट्या अशक्य. बंद शाळेतील शिक्षिकेने मुलीच्या घसरणीची जबाबदारी टाळण्यासाठी…’ पुढचं राहू द्या.”

“साहेब, ती पोरं एकत्र विचार करायची! एकसंध येणारच की! तेच तर शिकवलं मी त्यांना.”

“मला पटतंय, बाई.”

“मग लिहा तसं.”

“मी लिहिलं तर ते मत होतं. यंत्राचा असतो तो अहवाल.” साहेब चष्मा पुसत राहिले.

बाई मग डॉक्टरांना भेटल्या. डॉक्टरांनी मेंदूची चित्रं दाखवली. चित्रांत काहीही दोष नव्हता. “हेच तर काळजीचं आहे,” डॉक्टर म्हणाले. “चित्रात दिसायच्या आधीच नकाशात दिसतं. म्हणून तर यंत्र लावलंय.” निरोगी असण्यानंसुद्धा आजार सिद्ध होतो म्हटल्यावर माणसानं कपाळ आपटावं तरी कुठं? बाईंना त्या खोलीत ओरडावंसं वाटलं. त्या ओरडल्या नाहीत, नमस्कार करून बाहेर आल्या. त्याचं दुःख त्यांना पुढे फार वाटलं.

दिवाळीच्या सुट्टीत त्या लाँचनं वाकणवाडीला गेल्या. अक्षदा ओट्यावर बसून शेंगा सोलत होती. एक शेंग फोडायला तिला दोनदा बोटं जुळवावी लागत होती. गोळ्यांनी हात कापतो, झोप येते, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं.

“बाई,” ती सावकाश म्हणाली, “मी आधी लय हुशार हुते म्हनं.”

“तू आहेस तशीच आहेस, बाळा.”

“न्हाई. यंत्राला सगळं आठवतंय. म्या काय काय सांगितलं हुतं ते. मला त्यातलं निम्मं बी येत न्हाई.”

“ते तू नव्हतं सांगितलं! तुषारनं, जुईनं, सोहमनं… तुला आठवत नाही का, आपण सगळे खाली बसायचो?”

“आठवतं.” तिनं शेंग खाली ठेवली. “पन डॉक्टर म्हनले, या आजारात असं बी वाटतं.”

बाईंना रडू कोसळलं. त्या आत गेल्या आणि दीपालीचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, “गोळ्या बंद कर. माझ्या जबाबदारीवर बंद कर. त्या गोळ्यांनीच ती मंद होतेय, आणि ती मंद झाली की यंत्र म्हणतंय आजार वाढला.”

दीपालीनं हात सोडवून घेतले. रागानं नाही, पण सोडवून घेतले. “बाई, तुमचा शब्द म्या कधी मोडला न्हाई. पन त्या पल्याडच्या पोराला यंत्रानंच वाचवलं, हे तुमीच सांगितलं हुतं का न्हाई? त्याच्या आईनं गोळ्या बंद केल्या असत्या तर?”

बाई परतीच्या लाँचकडे निघाल्या.

एकच वाट उरली होती. आजारी मुलांचा नकाशा दर तीन महिन्यांनी नव्यानं तपासत. पुढची तपासणी जानेवारीत होती. बाईंनी लोखंडे साहेबांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. तपासणी वाकणवाडीच्या जुन्या शाळेत घ्यायची, साहेबांनी स्वतः हजर राहायचं आणि नऊ पोरं कशी उत्तरं देतात ते डोळ्यांनी बघायचं. “डोळ्यांनी बघितलेलं तरी अहवालात लिहाल ना?” साहेब हो म्हणाले. दीपालीही तयार झाली, पोरगी जुन्या सवंगड्यांत रमेल म्हणून.

मग बाईंनी पोरं गोळा करायला सुरुवात केली. शनिवार-रविवार त्या एस्टीत असत. कुणाच्या आईला नोकरीतून सुट्टी मिळेना, कुणाचा बाप विचारी, “आमच्या पोराचं नाव यात यायचं न्हाई ना?” पनवेलच्या एका घरानं दारच उघडलं नाही. तुर्भ्याला तुषारचा बाप म्हणाला, “पाठवला असता, पन त्या दिवशी त्याची तिकडची परीक्षा हाय. चुकली तर त्याचाबी नकाशा खाली येईल, आन् मग तुमी येनार काय आमच्या दारात?” बाई अर्धा तास त्याच्या पायरीवर बसल्या. तुषारनं आतून फक्त डोकावून पाहिलं.

तपासणीच्या दिवशी लाँचमधून सहा पोरं उतरली. अक्षदा धरून सात. शाळेच्या खोलीत कुणीतरी गवताचे भारे रचले होते, ते बाजूला सारून बाईंनी स्टूल ठेवलं आणि त्यावर साहेबांनी आणलेलं यंत्र. दीपाली भिंतीला टेकून उभी राहिली. साहेब खुर्चीत बसले.

“अक्षदा, नमस्कार,” यंत्र म्हणालं. “तयार आहेस?”

“हो-ओ-ओ,” सोहम म्हणाला. त्याचा आवाज थोडा फुटला होता, पण हेल तोच होता.

पहिले काही प्रश्न अडखळतच गेले. पोरं वाढली होती, एकमेकांना लाजत होती. मग यंत्रानं विचारलं, “झाड तोडलं तर सावली जाते. जंगल तोडलं तर काय काय जातं?” जुईनं खडू उचलला. तिनं झरे लिहिले, दुसऱ्यानं मध लिहिला, कुणी माती लिहिली, कुणी ती खोडली. “माती कुटं जाती? हितंच ऱ्हाती की.” कुजबुज वाढली, डोकी एकमेकांना लागली.

“पन का ऱ्हाईल?” अक्षदा म्हणाली.

बाईंनी साहेबांकडे पाहिलं.

“मुळ्याच न्हाईत तर धरनार कोन तिला?” अक्षदा हळूहळू, शब्द जुळवत बोलत होती. “आन् ती पान्यात गेली, तर मग तळं उथळ न्हाई का होनार? मग पुराचं पानी कुटं मावल?”

सगळी तिच्याकडे बघत राहिली. मग एकदम सहा खडू चालले. बाईंनी पदरानं डोळे पुसले. कित्येक महिन्यांनी त्यांना सुख झालं होतं. साहेब खुर्चीतून पुढे झुकले होते, आणि आपण काय पाहतोय ते त्यांना पुरतं कळलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

प्रश्न संपले.

“अक्षदा, तुझं अभिनंदन,” ते म्हणालं. “गणितात अजून मोठी उणीव आहे. पण भाषा, परिसर आणि तर्क यांत लक्षणीय सुधारणा झाली आहे. उपचार लागू पडत आहेत. म्हणून केंद्रानं औषधाची मात्रा दुप्पट केली आहे.”

गणितात उणीव होती, कारण तुषार आला नव्हता. बाकीची सुधारणा आली होती लाँचमधून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

“साहेब!” बाई किंचाळल्याच. “तुम्ही बघितलंत ना? सांगा ना दीपालीला, तुम्ही काय बघितलंत?”

“बघितलं, बाई.” साहेबांनी खिशातून पेन काढलं. “मी लिहितो. आजच लिहितो. पण केंद्राचा निर्णय झाला, तो माझ्या लिहिण्यानं थांबत नाही. पुढच्या तपासणीपर्यंत…”

“पुढच्या तपासणीपर्यंत पोरगी उरेल का?”

दीपालीला यातलं काही ऐकू येत नव्हतं. ती सरळ येऊन बाईंच्या पायांवर कोसळली. “बाई, तुमी पोरं आनली म्हनून! औषद लागू पडलं, बाई! माजी अक्षू बरी व्हायलीय!” तिनं कमरेची पिशवी सोडली, गोळ्यांचं पाकीट काढलं, एक गोळी फोडली, मग दुसरी.

बाईंनी तिचं मनगट धरलं. “नाही द्यायच्या. मी देऊ देणार नाही.”

“सोडा, बाई.”

“ती आजारी नाही गं! आत्ता तुझ्यासमोर बोलली ती. ऐकलंस ना?”

“ऐकलं. गोळ्यांनीच बोलली!” दीपालीनं हात झटकला, बाईंनी तो आणखी घट्ट धरला. साहेब उठून उभे राहिले, पोरं भिंतीकडे सरकली. “तुमचं काय जातंय? तुमची बदली हुती, तुमी जाता! माज्या पोरीला कायबी झालं तर म्या कुनाकडं बगू?”

“तुझ्या पोरीसाठीच करतेय मी हे सगळं!”

“नगा करू! नगा करू आमच्यासाटी कायबी!”

दोघीही रडत होत्या आणि कुणीच हात सोडत नव्हतं. अक्षदा उठली. खडूनं भरलेले हात तिनं फ्रॉकला पुसले, दोघींच्या मधे येऊन उभी राहिली आणि आईच्या मुठीची बोटं एकेक करून उघडली. तिचा हात कापत होता, त्यामुळे वेळ लागला. दोन्ही गोळ्या तिनं उचलल्या आणि पाणी न मागता गिळून टाकल्या.

“घेतल्या,” ती म्हणाली. “आता भांडू नका.”